गच्चीची किल्ली : एका शनिवार-रविवारचं प्रकरण

२० आणि २१ सप्टेंबर २०२५ या दोन दिवसांत आमच्या घरी जे झालं ते बाहेरच्या माणसाला सांगावं असं काही नाही. कोणी दवाखान्यात गेलं नाही, काही चोरीला गेलं नाही, भांडणही फार झालं नाही. पाच गोधड्या आणि दोन रजया भिजल्या, एवढंच. पण मी गेली सोळा वर्षं पीथमपूरच्या एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन करते. लाइन अडली की ती का अडली याचा कागद करायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. घरची लाइन अडली तेव्हा मात्र मी तीन दिवस पावसाला नावं ठेवत बसले. चौथ्या दिवशी लाज वाटली आणि हा कागद केला.

आधी घर. इंदूरला राजेंद्रनगरात आमचं जुनं घर आहे. तळमजला, वर एक मजला आणि त्यावर गच्ची. माणसं पाच. सासूबाई, म्हणजे आई, वय चौऱ्याहत्तर, गुडघ्यांनी त्रासलेल्या. नवरा बँकेत, आणि बँकेतून सुटला की पक्ष्यांत. लेक बारा वर्षांची, धाकटा नऊचा. आणि मी.

आता पंचांग, कारण या प्रकरणात अर्धा गुन्हा त्याचा आहे. रविवारी, २१ तारखेला, सर्वपित्री अमावस्या. सासऱ्यांची तिथी नवमी, पण ती कामाच्या दिवशी आली आणि दोघांनाही सुटी मिळाली नाही, म्हणून श्राद्ध सर्वपित्रीला. ज्याची तिथी हुकली त्याचं अवसेला चालतं. आणि सोमवारी, २२ तारखेला, घटस्थापना. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत पितरांचं घर आणि सोमवारी सकाळी देवीचं. दोन्हींच्या मध्ये एक संध्याकाळ. घटाआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघालं पाहिजे हा आमच्याकडचा नेम आहे आणि अवसेला गोधड्या धुवायच्या नाहीत हाही. दोन्ही नेम आईंचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते वाकलेले पाहिलेले नाहीत.

त्यात नळ. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, सत्तरेक किलोमीटरवरून, घाट चढून. इतक्या लांबून आलेलं पाणी रोज भेटायला येत नाही. आमच्या गल्लीत ते एक दिवसाआड. त्या आठवड्यात आमचा वार शनिवार होता, सकाळी सहा ते पावणेसात. गोधड्या धुवायच्या तर शनिवारीच, यावर पंचांग आणि महापालिका यांचं एकमत झालं.

आणि नेमकी शनिवारचीच पाताळपाणी-काळाकुंड गाडीची तिकिटं काढून ठेवलेली. मुलांना तीन पावसाळे कबूल केलेली सहल. ही हेरिटेज गाडी तेव्हा शनिवार-रविवारीच चालायची आणि रविवारी श्राद्ध.

शुक्रवारी रात्री मी नेहमीप्रमाणे फ्रिजवर कागद लावला. तो अजून माझ्याकडे आहे. शनिवारी पावणेसहाला नवरा सिरपूर तलावावर, साडेसातला परत. सहाला नळ, गोधड्या. सव्वासातला कचरागाडी, तिच्यात माळ्यावरचं भंगार. पावणेनऊला गोधड्या गच्चीवर. नऊला निघायचं. अकराची गाडी. येताना शेतातली काळी माती, राऊच्या रस्त्यावरच्या ठेल्यांवरून गवार, भोपळा, अळू, कारली. रात्री उडदाची डाळ भिजत. रविवारी स्वयंपाक, बाराच्या सुमारास पान, मग देवघर, जाळीजळमटं, फरशी. संध्याकाळी लेकीचा संजाचा, म्हणजे मालव्यातल्या मुलींच्या पितृपक्षातल्या खेळाचा, शेवटचा दिवस आणि गरब्याचा सराव. आठला भारत-पाकिस्तान. कागदावर सगळं बसत होतं. बसणाऱ्या गोष्टींवर माझा फार विश्वास आहे, तो कारखान्यात अनेकदा महागात पडलेला असूनही.

शनिवार

सिरपूर तलाव आमच्यापासून जवळ, धार रोडला. होळकरांनी बांधलेला. २०२२ साली त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत जागा मिळाली, इथल्याच यशवंत सागर तलावाबरोबर. त्या बातमीनंतर नवऱ्याचं तिथलं जाणं छंदातून कर्तव्यात गेलं. सप्टेंबरच्या अखेरीस थंडीचे पाहुणे यायला लागतात आणि ‘यंदाचा पहिला’ कोणाला दिसला याची या मंडळींत चुरस असते. त्या दिवशी त्याला कडेच्या चिखलात शेपटी वरखाली करणारा करडा धोबी दिसला, त्यापुढे हळदी-कुंकू बदकांची जोडी, आणि साडेसातची वेळ गेली. तो सव्वाआठला आला. मी न्हाणीघरात गुडघाभर फेसात उभी. “धोबी आला,” तो दारातूनच म्हणाला. मी म्हटलं, “हो, आणि ती सहापासून राबते आहे.” या विनोदावर आईच तेवढ्या हसल्या.

गोधड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ज्यांनी फक्त मशिनमधल्या चादरी धुतल्या आहेत त्यांना यातली अडचण कळायची नाही. आमच्या पाचपैकी दोन गोधड्या आईंच्या आईने शिवलेल्या. बाहेरून जुनी लुगडी, आत धोतरांचे आणि चादरींचे चार-पाच थर, वर हाताचा बारीक धावदोरा. कोरडी उचलली तर तीनेक किलोची. ओली झाली की दोन माणसं लागतात. आमच्या सात किलोच्या मशिनात ती जाते, पण फिरत नाही, नुसती बसून राहते. म्हणून टबात, पायाने. आणि वाळण्याचं गणित आणखी वेगळं. चादर दोन्ही अंगांनी वारा खाते, दोन तासांत कडकडीत. गोधडीचा वरचा थर वाळतो, पण आतल्या थरांतलं पाणी बाहेर यायला वाटच नसते, ते झिरपत झिरपत पृष्ठावर येतं तेव्हा उडतं. त्यात भादव्यातली दमट हवा. दर दोन तासांनी उलटावी लागते, नाहीतर खालची बाजू तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास धरते. मेच्या उन्हात एक दिवस, या दिवसांत दीड ते दोन. हे मला ठाऊक होतं. कागदावर मात्र मी ‘गोधड्या’ असं लिहून पुढे ‘६ ते ८:४५’ लिहिलं होतं.

कचरागाडी सव्वासातला आलीच. इंदुरात वेळेवर येणाऱ्या गोष्टींत तिचा नंबर पहिला. माळ्यावरचं भंगार ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा असं वेगळं करायला धाकट्याला उभा केला होता. त्याने जुना ट्रान्झिस्टर ई-कचऱ्यात टाकला, आईंनी तो परत काढला. सासऱ्यांचा होता. तो अजून माळ्यावर आहे.

पावणेनऊचे सव्वानऊ झाले. गोधड्या गच्चीच्या कठड्यावर आणि दोन दोऱ्यांवर पसरल्या, नवऱ्याने गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. मागच्या वर्षी टाकीचा पितळी फ्लोट कोणीतरी काढून नेला, तेव्हापासून ते कुलूप आहे. किल्ली त्याच्या जाकिटाच्या खिशात. दुर्बीण, वही, पाण्याची बाटली, हे सगळं राहतं ते जाकीट. तेच घालून तो गाडीत बसला.

काळाकुंड

सहल चांगली झाली. हे स्पष्ट लिहून ठेवते, कारण नंतर घरात ‘नसतो गेलो तर बरं’ असा सूर निघाला आणि मला तो मान्य नाही.

पाताळपाणी महूच्या पलीकडे. धबधबा सुमारे तीनशे फूट खोल पडतो आणि सप्टेंबरात त्याला पाणी भरपूर असतं. तिथून काळाकुंडपर्यंत जेमतेम दहा किलोमीटरची मीटरगेज राहिली आहे. कधीकाळी हीच लाइन खांडव्यापर्यंत जायची आणि पुढे अकोल्याला. होळकर स्टेट रेल्वेची ही लाइन. दुसऱ्या तुकोजीरावांनी तिच्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. राजाने सरकारला कर्ज द्यायचं हे ऐकून धाकटा थक्क झाला. “मग ईएमआय कोण भरायचं?” महूच्या पुढची मीटरगेज २०२३ च्या सुरुवातीला ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, हा घाटातला तुकडा तेवढा उरला. त्यावर ही हेरिटेज गाडी त्याआधीच, २५ डिसेंबर २०१८ ला, सुरू झाली होती. मोठ्या काचांचे डबे, चार बोगदे, पूल आणि वळणं इतकी की मुलांनी मोजायला सुरुवात केली आणि दोघांचे आकडे जुळेनात. नवरा खिडकीला. त्याला बोगद्यातून बाहेर पडताना एक सर्पगरुड दिसला. निदान त्याचं म्हणणं तसं.

काळाकुंडला गाडी एकच्या सुमारास पोचते आणि साडेतीननंतर परत निघते. मध्ये करायचं काय, तर कलाकंद खायचा. पानाच्या द्रोणात मिळतो, दाणेदार, जास्त गोड नाही. आमच्या घरात पितृपक्षात बाहेरचं गोड खायचं का, यावर थोडा वाद झाला. आई बरोबर नव्हत्या, म्हणून तो लवकर मिटला. त्यांच्यासाठी अर्धा किलो बांधून घेतला. ऊन होतं. आकाश स्वच्छ होतं. फोनला रेंज नव्हती आणि ती नसल्याचं मला बरंच वाटत होतं.

पाताळपाणीला उतरलो तेव्हा रेंज आली आणि फोन एकदम थरथरायला लागला. घरचे नऊ मिस्ड कॉल. सव्वादोन ते तीन या वेळातले.

घरी फोन लावला. आई शांतपणे म्हणाल्या, “अगं काही नाही, जरा सर येऊन गेली. तुम्ही सावकाश या.”

राजेंद्रनगरात वीस मिनिटं धो-धो पडला होता. मालव्यात या दिवसांत असंच होतं. पाऊस निघायच्या तयारीत असतो, सकाळी ऊन तापतं, दुपारी एखादा ढग एका वस्तीवर रिकामा होतो आणि शेजारच्या वस्तीत धूळ उडत असते. राऊला रस्ता कोरडा होता.

गोधड्या सकाळपेक्षा जड झाल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे लुगड्याच्या गोधडीचा जांभळा रंग शेजारच्या रजईवर उतरला होता. दोऱ्यावर जागा कमी म्हणून मीच त्या चिकटून टाकल्या होत्या. रात्री अकरापर्यंत नवरा आणि मी त्या पिळत होतो, मग दिवाणखान्यात खुर्च्या, टेबल, धाकट्याची सायकल, जे मिळेल त्यावर पसरून तीन पंखे लावले. येताना एका ओळखीच्यांच्या शेतातून घेतलेली माती पिशवीतून काढली तर तीही ओलसर, ढेकळं ढेकळं. डाळ भिजत घालायचं मी विसरले. पहाटे पाचला उठून पाहिलं तर ती भिजलेली होती. मला वाटलं नवऱ्याने घातली. त्याला वाटलं मी.

रविवार

श्राद्धाचा स्वयंपाक आईंनी खुर्चीवर बसून केला. एरवी त्या ओट्याशी उभ्या राहून करतात, वडे तर कोणाला हात लावू देत नाहीत. मी म्हटलं वय. तांदळाची खीर, उडदाचे वडे, कढी, गवार, भोपळा, अळू, कारल्याची काचरी, आमसुलाची चटणी. मी चिरत होते, त्या सांगत होत्या.

तुपावरून एक छोटी चकमक झाली. डबा तळाला गेला होता. सोमवारपासून जीएसटीचे नवे दर लागू होणार होते आणि तुपावरचा कर बारा टक्क्यांवरून पाचवर येणार, हे धाकट्याला शाळेत कोणीतरी सांगितलेलं. त्याचं म्हणणं, एक दिवस थांबा. आई म्हणाल्या, “तुझे आजोबा एक दिवस थांबत नाहीत.” पाव किलो आणलं.

पान गच्चीवर ठेवायचं. गच्चीवर मात्र सकाळपासून पुन्हा त्या पाच गोधड्या आणि दोन रजया. कठड्याला हातभर मोकळी जागा ठेवून तिथे पान ठेवलं, पाणी सोडलं, हात जोडले आणि आम्ही दाराशी मागे सरून उभे राहिलो. सव्वाबारा.

कावळा येईना.

हे दरवर्षी होतं. पण दरवर्षी पाच-दहा मिनिटांत कोणीतरी येतं. यंदा साडेबारा, पाऊण. ज्या घरात एक माणूस वर्षाला दोनशे पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतो, त्या घरात एक कावळा मिळू नये याची आत्याबाईंनी फोनवरून थट्टाही केली. नवऱ्याने दुर्बीण आणली. लांबच्या टॉवरवर तीन घरकावळे होते, करड्या मानेचे, आमच्याकडे पाठ करून. त्याने सांगितलं, कावळा नवीन हलणाऱ्या वस्तूपासून लांब राहतो, गोधड्या फडफडताहेत म्हणून येत नसेल. या काढू का? मीही हो म्हटलं. मला भूक लागली होती आणि देवघर वाट बघत होतं.

आई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “राहू देत. वाळू देत. ह्यांना गोधड्या काही नवीन नाहीत.”

कोणी काही बोललं नाही. मुलं खाली जाऊन आली. एक वाजून दहा मिनिटांनी एक डोमकावळा, काळाभोर, जाड चोचीचा, कुठून आला कळलं नाही, थेट लुगड्याच्या गोधडीवर येऊन बसला. त्याने गोधडीवर एक ठिपका सोडला, मग कठड्यावर उतरून वडा उचलला आणि गेला. खिरीला तोंड लावलं नाही. आई उठल्या, त्यांना उठायला लेकीचा हात लागला.

जेवणं दोनला. त्यापुढचं फार लांबवत नाही. देवघर झालं, जळमटं निघाली, फरशी अर्धी झाली. गरब्याचा सराव बुडाला.

संजाला मात्र लेक गेली. शेजारच्या भाभींकडे सोळा दिवस भिंतीवर शेणाची संजा निघत होती, रोज नवी आकृती, गुलतेवडीच्या पाकळ्यांनी सजवलेली, आणि अवसेला शेवटचा किलाकोट. मग आरती आणि प्रसाद काय आहे ते ओळखायचं. आमच्या भोंडल्याच्या खिरापतीसारखंच. लेक दोन्हीकडे ओळखण्यात पटाईत आहे. तिला सोडायला मी गेले आणि तिथे भाभी म्हणाल्या, “अम्माजी का घुटना कैसा है? कल तो छत तक चढ़ गई थीं, ताला देखके वापस आईं.”

कल. शनिवारी. पाऊस आला तेव्हा.

म्हणजे झालं होतं ते असं. सव्वादोनला ढग आला. आईंनी आधी मला, मग मुलाला फोन लावले. मग भाभींच्या दारात गेल्या. भाभी घरी नव्हत्या, त्या पंधरा मिनिटांनी आल्या. तोवर आई एकट्या दोन जिने चढल्या. बत्तीस पायऱ्या आहेत, मी नंतर मोजल्या. वर कुलूप. गच्चीच्या दाराच्या जाळीतून त्यांच्या आईची गोधडी भिजताना त्यांनी पाहिली असणार, कारण ती दारासमोरच होती. मग खाली आल्या. भाभी आल्या तेव्हा त्याही वर जाऊन कुलूप पाहून आल्या. संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा आईंनी यातलं काही सांगितलं नाही. कलाकंद आवडला म्हणाल्या आणि रात्री, आम्ही गोधड्या पिळत असताना, डाळ भिजत घातली.

रात्री मॅच होती. भारत सहा गडी राखून जिंकला. नवऱ्याने आईंच्या गुडघ्याला शेक देता देता ती बघितली.

कुठे अडलं

सोमवारी घट बसले. माती पुरती सुकली नव्हती. आईंनी कुंडीतली कोरडी माती तिच्यात कालवायला सांगितली आणि वर धान्य पेरलं. तो प्रश्न असा सुटला. गोधड्या मंगळवारी वाळल्या. रजईवरचा जांभळा डाग गेला नाही.

घरात कारणांबद्दल तीन मतं होती. नवरा : पाऊस. आई : अवस आणि घट इतके लागून आले, त्याला कोण काय करणार. लेक : काहीच चुकलं नाही, गाडी मस्त होती.

पाऊस हे कारण मी मान्य करत नाही. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मालव्यात सर येणं हा अपघात नाही, ती हवामानाची सवय आहे. कारखान्यात कोणी मला ‘वीज गेली म्हणून माल गेला नाही’ असं सांगितलं तर मी विचारते, जनरेटर कुठे होता?

वेळ कमी पडला असंही नाही. मी कागद काढून हाताच्या कामाचे तास मांडले. गोधड्या धुणं अडीच, भंगार एक, भाजी-माती दीड, स्वयंपाक दोघींचे मिळून सहा, साफसफाई चार. पंधरा तास. दोन मोठी माणसं, दोन दिवस. गाडीचे आणि सिरपूरचे तास वजा करूनही पुरतात. छंद छाटावेत का, हा प्रश्न घरात निघाला होता, तो इथेच संपतो. सिरपूरमुळे पाऊण तास गेला, पण त्या पाऊण तासाने ढग थांबला नसता.

मग मी दुसरा स्तंभ आखला. हात काढून घेतल्यावर जे काम चालूच राहतं, त्याचे तास. गोधड्या : दीड-दोन दिवसांचं ऊन. डाळ : हाताला पाच मिनिटं, भिजायला पाच तास. कढीचं दही : विरजायला दोन मिनिटं, लागायला रात्र. माती : चाळायला अर्धा तास, सुकायला दिवस. नळ : पंचेचाळीस मिनिटं यायची वाट. कावळा : पंचावन्न मिनिटं. हा स्तंभ पहिल्याच्या कितीतरी पट निघाला आणि माझ्या शुक्रवारच्या कागदावर त्यातलं एक अक्षर नव्हतं. धुतलेली गोधडी म्हणजे झालेलं काम, असं मी धरलं होतं. खरं तर ती पेरलेल्या वावरासारखी. पेरणीनंतर राखण लागते.

आणि राखण करत कोण होतं? शेवटच्या स्तंभात मी ‘कोण’ लिहिलं. गोधड्या : आई. डाळ : आई. दही : आई, ते त्यांनी शनिवारी दुपारीच लावलं होतं. दूधवाला, गॅसवाला, आम्ही नसताना वाजलेली बेल : आई. मूळ कागदावर चौघांची नावं होती. धाकट्याचंसुद्धा. आईंचं नव्हतं, कारण त्यांना ‘काही काम दिलेलं नव्हतं’. राखणदार नेमला नव्हता, गृहीत धरला होता. गृहीत धरलेल्या माणसाला कोणी किल्ली देत नाही.

म्हणून अडलं ते कुलपाशी. दोन-चार वर्षांत एकदा कोणीतरी फ्लोट चोरेल म्हणून लावलेलं कुलूप आणि त्याची एकुलती किल्ली एका जाकिटात, घाटात, चार बोगद्यांपलीकडे. भाभींसारखं धडधाकट माणूस पंधरा मिनिटांत दाराशी पोचलं होतं. किल्ली असती तर गोधड्या निम्म्या भिजल्या असत्या, आणि किल्ली भाभींकडे असती तर आई त्या बत्तीस पायऱ्या चढल्याही नसत्या. दुसरी किल्ली करायला आमच्या कोपऱ्यावरच्या माणसाने साठ रुपये घेतले.

गोधड्या आदल्या शनिवारी धुवायला हव्या होत्या का? हा पर्याय मी खूप घोळवला. उत्तर, हो. तेव्हा घरी सगळे होते आणि नेम ‘घटाआधी’ एवढाच आहे, ‘घटाच्या आदल्या दिवशी’ असा नाही. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी कधी म्हटलं अगदी शेवटच्या शनिवारीच धू म्हणून?” खरंच म्हटलं नव्हतं. लाँड्रीचाही पर्याय होता, ते तीन दिवस घेतात. लुगड्याच्या गोधड्या मात्र मी लाँड्रीत दिल्या नसत्या आणि आईंनीही देऊ दिल्या नसत्या.

पुढचा कागद

दसऱ्यानंतरच्या शनिवार-रविवारी, ४ आणि ५ ऑक्टोबरला, नव्या पद्धतीने कागद केला. सोमवारी कोजागरी होती, म्हणून दूध, सुकामेवा, गच्ची झाडणं वगैरे. कामापुढे दोन आकडे, हाताचे तास आणि राखणीचे. आणि राखणीपुढे नाव. आईंनी चष्मा लावून तो नीट वाचला. आपलं नाव सहा ठिकाणी पाहून त्या म्हणाल्या, “शनिवारी मी नाही. मंडळाबरोबर देवासला टेकरीवर चालले आहे. गुडघ्याला पट्टा बांधीन.”

गेल्या. नवरा पहाटे सिरपूरला गेला, त्याला आता तरंगी बदकांची वाट आहे. मी लेकीला घेऊन सियागंजात बदाम-केशर बघत होते. गच्चीची एक किल्ली आता जिन्याच्या खिळ्याला असते, दुसरी भाभींकडे. राखणीत धाकट्याचं नाव होतं, दुपारी तीनला धुणं काढायचं. तो गल्लीत क्रिकेट खेळत राहिला आणि विसरला. संध्याकाळी सातला चादरी दवात गार झालेल्या सापडल्या. पाऊस त्या दिवशी आमच्याकडे फिरकला नाही.